माहेरी नीट चालणारा माऊस

नवरदेवाचे मामा गणपतीच्या सोंडेखाली गेले, तेव्हा मात्र मी माऊस टेबलावर आपटला.

जळगावात घरूनच मी डीटीपीचं काम करते. बिलबुकं, दुकानांची पत्रकं, वर्षश्राद्धाची कार्डं असं वर्षभर काही ना काही चालू असतं. पण खरा हंगाम लग्नसराईचा. खान्देशातली लग्नपत्रिका म्हणजे नावांचं वारूळ. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, समस्त भाऊबंद, आणि सगळ्यात खाली ‘किलबिल’ मंडळी. एक नाव खालीवर झालं की फोन येतो, मामाचं झालं तर माणूसच घरी येतो. कोरल सॉफ्टवेअरमध्ये ही शे-सव्वाशे नावं एकेक उचलून जागच्या जागी बसवायची असतात. हे काम हाताचं नाही, माऊसचं.

२०२५चा एप्रिल होता आणि माऊस बिघडला. पूर्ण बंद पडला असता तर बरं झालं असतं. बंद पडलेल्या वस्तूचं काय करायचं ते ठरलेलं असतं. हा अर्धवट चालायचा. बाण सरळ जाता जाता मध्येच थबकायचा, मग एकदम चार बोटं पुढे उडी मारायचा. क्लिक केलं तर कधी लागायचं, कधी नाही. नाव उचललं आणि हात सरकवला, की मध्येच सुटून भलतीकडे पडायचं. तसेच ते मामा सोंडेखाली गेले. प्रूफ वाचताना लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर त्या लग्नात माझ्या नावाने काय झालं असतं कोण जाणे.

एप्रिल-मेमध्ये जळगावात काहीही बिघडलं, की पहिला संशय उन्हावर. बाहेर पारा चव्वेचाळीसवर, खोलीत कूलरची घरघर. माणसाचं डोकं चालत नाही तर माऊसचं काय चालणार, असं मीच म्हटलं. मग सेल बदलला. हा माऊस एका पेन्सिल सेलवर चालतो. आतल्या स्प्रिंगवर हिरवट गंज होता तो पॉलिश पेपरने घासून काढला. दोन तास बरा चालला, असं मला वाटलं. नंतर पुन्हा तेच. खाली पॅड घेतलं, पॅड काढून जुनी वही घेतली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन माऊस काढून टाकला आणि पुन्हा घातला. वीज वाचवायला कॉम्प्युटर यूएसबीला झोपवून टाकतो, ती खूणही काढली. ही सगळी औषधं इतर दुखण्यांवर चालतात, माझ्या दुखण्यावर एकही चाललं नाही.

एक रात्र तर कीबोर्डवरच काढली. डावा अल्ट, डावी शिफ्ट आणि नमलॉक एकदम दाबले की आकड्यांच्या बटणांनी बाण हलवता येतो. बाण असा चालतो, जणू घाट चढणारी भरलेली बैलगाडी. पत्रिका झाली, पण पहाटेचे तीन वाजले.

सकाळी माऊस घेऊन गोलाणी मार्केट गाठलं. दुकानातल्या पोराने त्याचा रिसीव्हर, म्हणजे ते नखाएवढं खुंटीसारखं असतं ना, ते आपल्या कॉम्प्युटरला खोचलं आणि माऊस काउंटरच्या काचेवर फिरवला. बाण हललाच नाही. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिलं. त्याने माऊसखाली एक बिलबुक सरकवलं आणि बाण लोण्यासारखा फिरू लागला. “काचेवर नाही चालत ताई. बाकी याला काही झालेलं नाहीये.” मला खरंच लाज वाटली. डॉक्टरच्या दारात पोहोचताच पोराचा ताप उतरावा, तसं झालं. मी तरीही हट्टाने नवा माऊस घेतला. घरी येऊन जोडला, तोही तसाच उड्या मारू लागला. आता दोन उंदीर झाले, दोन्ही आजारी.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला होती. आखाजीला लेकीने माहेरी जायचं ही आमच्याकडची रीत, मग ती लेक पन्नाशीला टेकलेली का असेना. काम पेन ड्राइव्हवर घेतलं, जुना माऊस पर्समध्ये टाकला आणि एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेले. भावाकडे एक म्हातारा लॅपटॉप आहे, त्याच्यावर कोरल टाकलेलं आहे. रिसीव्हर खोचला आणि माऊस चालला. नुसता चालला नाही, धावला. चार दिवस तिथे बसून मी सहा पत्रिका केल्या. अंगणात झोका, घरात खापरावरचे मांडे आणि आमरस, आणि टेबलावर शहाण्यासारखा वागणारा माऊस. आई येताजाता बघायची. शेवटी म्हणाली, “हाऊ उंदीर आठे बरा चालस. तुना सासरमा याले करमत नही व्हई.”

सगळं घर हसलं. मी पण हसले, पण ते मनात राहिलं. कारण ती म्हणाली ते शब्दशः खरं होतं. माऊस तोच, सेल तोच, हात तोच. जळगावात बिघडतो, धुळ्यात बरा होतो. गोलाणी मार्केट जळगावातच, तरी तिथेही बरा. म्हणजे फक्त माझ्या घरात बिघडतो. अशा दुखण्याला आमच्याकडे वेगळं नाव आहे आणि त्यासाठी लिंबू-मिरची लागते.

धुळ्यातही एकदा त्याने दगा दिला, पण तो निराळा. दुसऱ्या दिवशी अंगणात गादीवाला आला होता. पावसाळ्याच्या आत गाद्या पिंजून भरून घ्यायच्या, हे दर उन्हाळ्याचं काम. त्याचं मशीन सुरू झालं आणि कापसाचं पांढरं धुकं घरभर पसरलं. दुपारी बघते तर माऊसला हात न लावता बाण जागच्या जागी थरथरतोय, म्हाताऱ्याच्या मानेसारखा. भाच्याने माऊस उलटा केला. पोटाला एक छोटं भोक असतं, आतून लाल उजेड येतो. त्या भोकात एक तंतू अडकला होता, केसापेक्षाही बारीक. पंख्याच्या वाऱ्यावर हलत होता.

“आत्या, आत कॅमेरा आहे,” भाचा म्हणाला. मला वाटलं, चेष्टा करतोय. पण आहे तसंच. तो इवलासा कॅमेरा टेबलाचे सेकंदाला शेकडो-हजारो फोटो काढतो, आधीचा आणि नंतरचा ताडून बघतो, आणि टेबल किती सरकलं यावरून बाण हलवतो. काचेवर त्याला टिपण्यासारखं काही दिसतच नाही, म्हणून तो आंधळा होतो. इथे समोर तंतू डुलत होता, तर त्याला वाटलं टेबलच डुलतंय. भुवयांच्या चिमट्याने तंतू ओढला. अर्धा इंच लांब निघाला. थरथर थांबली.

हे एवढं सोपं उत्तर मिळाल्यावर मला जळगावचं कोडं जास्तच छळायला लागलं. परत आले त्या दिवशी दुपारी धडधडत्या छातीने माऊस जोडला. चालला! अगदी धुळ्यासारखा. मी मनातल्या मनात आखाजीच्या गौराईला नारळ बोलून टाकला. संध्याकाळी हे सीएच्या ऑफिसातून आले, हातातली हार्ड डिस्क नेहमीच्या जागी, कॉम्प्युटरच्या मागे खोचली आणि चहा मागितला. मी चहाला उठणार, तेवढ्यात स्क्रीनवर बाण थबकला. मग उडाला.

मी म्हटलं, “ती काढा बरं.”

“काय?”

“हार्ड डिस्क. काढा.”

काढली. बाण सुरळीत. लावली, बाण लंगडा. काढली, सुरळीत. मी त्यांना पाच वेळा टेबलाखाली वाकायला लावलं. चहा तसाच राहिला. मार्चअखेरीच्या हिशेबांसाठी आणि माझ्या पत्रिका जपून ठेवण्यासाठी ही नवी डिस्क आणली होती. तेव्हापासून मी फाइली थेट तिच्यावरच उघडत होते. कॉम्प्युटरच्या पाठीला दोन निळ्या खाचा आहेत, एकीला एक खेटून. एकीत डिस्क, दुसरीत माऊसचा रिसीव्हर. महिनाभर मी माऊसची नाडी बघत होते आणि दुखणं शेजारणीचं होतं.

रात्री भाच्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो सगळं वाचूनच बसला होता. निळी खाच म्हणजे यूएसबी ३.०, सेकंदाला पाच गिगाबिटपर्यंत माहिती पळवणारी. इतक्या वेगाने माहिती पळते तेव्हा वायरीतून, जोडातून, डिस्कच्या डबीतून रेडिओचा गोंगाट बाहेर सांडतो आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरलेला असतो. माऊस बोलतो तो याच पट्ट्यात. हे काही गुपित नाही. इंटेल कंपनीने २०१२ सालीच यावर सविस्तर निबंध काढला होता आणि त्यात बिनतारी माऊसचंच उदाहरण घेतलं होतं. त्याला तेरा वर्षं होऊन गेली, पण माऊसच्या खोक्यावर याबद्दल एक ओळही मी तरी पाहिलेली नाही. ‘प्लग अँड प्ले’ मात्र मोठ्या अक्षरात असतं.

मला ते असं कळलं: पिठाच्या गिरणीत पट्टा फिरतोय, आणि गिरणीला टेकून उभ्या असलेल्या माणसाशी कुणीतरी दारातून कुजबुजतंय. कुजबुजणाऱ्याला औषध देऊन काय होणार? ऐकणाऱ्याला गिरणीपासून लांब न्यायला हवं. भावाच्या लॅपटॉपच्या खाचा जुन्या, काळ्या, यूएसबी २.०च्या, आणि त्याला डिस्कही जोडलेली नव्हती. गोलाणीतल्या काउंटरवरही नव्हती. माहेर-सासरचं कोडं ते एवढंच.

उपाय ऐकून मी उठले आणि कपाटाचा खालचा खण उपसला. पूर्वी नेटसाठी डेटा कार्ड असायचं, त्याच्याबरोबर हातभर लांबीची यूएसबीची जोडवायर यायची. रेंज मिळावी म्हणून आम्ही ते कार्ड खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून लटकवायचो. कार्ड कधीच भंगारात गेलं, वायर राहिली होती. मराठी घरात वायर टाकत नाहीत. ती डिस्कपासून लांबच्या काळ्या खाचेत लावली, पुढे आणली, टोकाला रिसीव्हर खोचला आणि मॉनिटरच्या पायाला डबल टेपने चिकटवला. माऊसपासून वीतभर अंतरावर. डिस्क लावली. तिच्यावरून मोठी फाइल उतरवायला घेतली, हिरवी पट्टी सरकायला लागली, आणि मी बाण गोल गोल फिरवत राहिले. एकदाही अडखळला नाही.

भाचा फोनवर होताच. म्हणाला, पहिला माऊस १९६४ साली बनला तो लाकडी ठोकळ्याचा होता. कल्पना डग्लस एंगलबर्टची, घडवला बिल इंग्लिशने. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत तो सगळ्यांसमोर चालवून दाखवला. वायर शेपटीसारखी दिसायची म्हणून त्याला उंदीर म्हणायला लागले, असं सांगतात. मला सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट आठवली. पोरं चिडवतात म्हणून तो एकेक करत सगळ्या शेपट्या कापून घेतो आणि मग बिनशेपटीचा म्हणून चिडवून घेतो. लहानपणी भाच्याला मीच ती झोपताना सांगायचे. तो म्हणाला, “आत्या, तू एक परत चिकटवलीस.”

सासूबाई दुपारी खोलीत आल्या, मॉनिटरच्या पायाला लोंबणारी वायर त्यांनी नीट न्याहाळली. “बिनवायरचा म्हणून जास्त पैसे दिले होतेस ना?”

मी मान डोलावली.

“मग ही काय?”

मी म्हटलं, ही माऊसची नाही, त्याचं ऐकणाऱ्याची आहे. त्यांनी “असं का” म्हटलं आणि कूलरमध्ये पाणी टाकायला सांगितलं.

मामांचं नाव सोंडेखालून काढून गणपतीच्या उजव्या अंगाला, ठळक अक्षरात बसवलं होतं. ते लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. मार्केटमधून आणलेला नवा माऊस दोन दिवसांपलीकडे वापरलाच नव्हता. पुसून, खोक्यात घालून धुळ्याला जाणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर भाच्यासाठी पाठवला. परवा आईला फोनवर विचारलं, कसा आहे. म्हणाली, काही तक्रार नाही त्याची.