अध्यक्षांवरच वॉरंट

देशभरातल्या वकिलांच्या शिखर संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्यावरच अटकेचं वॉरंट निघतं आणि शेवटी त्यांना देश सोडावा लागतो. १९७६ सालची ही गोष्ट. सनद घेऊन कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माझ्यासारख्याला ती आजही पचत नाही.

त्या अध्यक्षांची, म्हणजे राम जेठमलानींची, सुरुवातीची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. १९२३ साली सिंधमधल्या शिकारपुरात जन्म, सतराव्या वर्षी एलएल.बी., फाळणीनंतर मुंबई, मग नानावटी खटला. त्या खटल्यात ते मृत प्रेम आहुजाच्या बहिणीतर्फे कामकाजावर नुसतं लक्ष ठेवायला होते, तरी नाव झालं. पुढे ते बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष झाले.

या कौन्सिलची रचना मोठी गमतीची आहे. १९६१च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्याची कौन्सिल एकेक सदस्य निवडून पाठवते. शिवाय देशाचे ॲटर्नी जनरल आणि सॉलिसिटर जनरल पदसिद्ध सदस्य असतात. पहिले अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड स्वतःच ॲटर्नी जनरल होते. एरवी याकडे कुणी फारसं पाहत नाही. आणीबाणीत मात्र असं झालं, की कौन्सिलचे अध्यक्ष सरकारला हवे असलेले आरोपी आणि त्याच कौन्सिलचे पदसिद्ध सदस्य नीरेन डे सरकारचे वकील!

जेठमलानींनी इंदिरा गांधींवर जाहीर टीका केली आणि केरळातून वॉरंट निघालं. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने नानी पालखीवालांसह तीनशेहून अधिक वकील उभे राहिले. तीनशे वकिलांचं एका गोष्टीवर एकमत! बार रूममध्ये ज्यांनी चार दिवस काढले असतील त्यांना यातला चमत्कार कळेल. तिथे पक्षांचे, भाषांचे, फीचे आणि पंख्याखालच्या खुर्चीचेसुद्धा तट असतात. त्या दिवशी ते सगळे बाजूला पडले आणि अटकेला स्थगिती मिळाली.

ती टिकली नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्याचा निकाल लागला. त्याआधी नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची गाऱ्हाणी ऐकता येतात असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते दार लावून घेतलं. सुनावणीत न्या. हंसराज खन्नांनी नीरेन डे यांना विचारलं होतं, की पोलिसाने वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तरी दाद नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असा त्यांच्या उत्तराचा अर्थ होता. हे ऐकूनही चौघांनी सरकारच्या बाजूने कौल दिला, आणि त्यांत आपले यशवंत चंद्रचूडही होते, हे मराठी माणसाला बोचतं. विरोधी निकाल देणाऱ्या खन्नांना डावलून जानेवारी १९७७मध्ये त्या चौघांतले न्या. बेग सरन्यायाधीश झाले. जबलपूरचा निकाल पुसायला २०१७ साल उजाडलं. पुसणाऱ्या नऊ न्यायाधीशांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय होते आणि त्यांनी वडिलांचा निकाल स्पष्ट शब्दांत चुकीचा ठरवला.

स्थगितीचा आधारच गेल्यावर जेठमलानी कॅनडाला गेले. मला हे फार वर्षं खटकत होतं. नाशिकच्या, येरवड्याच्या तुरुंगात साधी माणसं खितपत पडली असताना अध्यक्षांनी परदेशात जावं? पुढे वाटलं, बाहेर राहून त्यांनी आणीबाणीविरुद्ध जो आवाज उठवला तो कोठडीतून उठला नसता. अजून कधी एक पटतं, कधी दुसरं.

सरकारला मिळालेलं उत्तर मात्र झकास होतं. १९७७च्या निवडणुकीत वायव्य मुंबईतून जेठमलानींनी हरिभाऊ गोखल्यांना हरवलं. गोखले म्हणजे आणीबाणीतले कायदामंत्री आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश.

इथेच थांबलं तर त्यांचा पुतळाच उभारावा लागेल. पण जेठमलानी पुतळ्यात मावणारे नव्हते. इंदिरा गांधींच्या हत्येच्या खटल्यात त्यांनी आरोपींची बाजू मांडली आणि १९८८मध्ये त्यांतला बलबीर सिंग निर्दोष सुटला. त्या निकालाने वकिली हा धंदा कशासाठी असतो ते दाखवून दिलं, असं मला वाटतं. जेसिका लाल खून प्रकरणात त्यांनी आरोपी मनू शर्माचं वकीलपत्र घेतलं तेव्हा मात्र देशभर संताप उसळला. ज्या कौन्सिलचे ते अध्यक्ष होते तिचाच नियम सांगतो, की योग्य फी मिळत असेल तर खास कारणाशिवाय काम नाकारू नये. नियम मलाही पाठ आहे, तरी राग गेला नाही.

एप्रिल २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्माची जन्मठेप कायम केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या बार असोसिएशनने शहाऐंशी वर्षांच्या जेठमलानींना अध्यक्ष म्हणून निवडून दिलं. मला तिथे मताधिकार असता तर मत त्यांनाच दिलं असतं. शर्माचं वकीलपत्र मात्र, नियम काहीही म्हणो, मी घेतलं नसतं.