बडोदं, आम्ही दोघंच

कोजागरी झाली. गरब्याची गर्दी ओसरली, दिवाळीला अजून अवकाश आहे. बडोदं पाहावं ते याच दिवसांत. मुंबईहून रेल्वेने साधारण पाच तास, म्हणजे शनिवार-रविवारात सहज जमतं.

ह्यांना लक्ष्मीविलास राजवाडा बघायचाय. 1890 साली पूर्ण झालेली वास्तू, आत राजा रविवर्मांची मूळ चित्रं. मी मात्र कीर्तिमंदिरासाठी हटून बसले आहे. गायकवाडांच्या त्या स्मारकात नंदलाल बोस यांनी भिंतीच्या भिंती रंगवल्या आहेत: गंगावतरण, मीरा, महाभारत. शांतिनिकेतनच्या चित्रकाराला बोलावण्याची दृष्टी महाराजा सयाजीराव गायकवाडांचीच. नाशिककडच्या कवळाण्याच्या या शेतकऱ्याच्या पोराने 1906 मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आठवलं तरी ऊर भरून येतो.

सकाळी सेव-उसळ हवीच. लालभडक रस्सा, वर मूठभर सेव, कांद्याची हिरवी पात. ऑक्टोबरचं ऊन टळटळीत, म्हणून दुपार कमाटी बागेतल्या संग्रहालयात काढायची. मुलांची घाई पाठीशी नाही. एका चित्रासमोर अर्धा तास उभं राहिलं तरी चालेल.

तुम्हीही बेत आखत असाल तर सोमवार टाळा, राजवाडा बंद असतो.