शंभर वॅटचा आवाज

मार्कोनींनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून १९३१ साली पोप अकरावे पायस प्रथम बोलले, तेव्हा तो आवाज समुद्रापार गेला. आमच्या नाशिकच्या ‘रेडिओ विश्वास’ची, ९०.८ एफ.एम.ची, धाव त्या मानाने फारच तोकडी. सामुदायिक केंद्राला साधारणतः शंभरच वॅटची मुभा. जाहिरातींना तासागणिक मोजकी मिनिटे. स्वतःच्या राजकीय बातम्यांना मज्जाव. विजेचे बिल आणि यंत्रांची दुरुस्ती मात्र कोणाला चुकत नाही.

तरीही २०२० च्या टाळेबंदीत शाळा ओस पडल्या, तेव्हा याच केंद्राने सुमारे दीडशे शिक्षकांचे पाठ ध्वनिमुद्रित करून तिसरी ते दहावीच्या मुलांना ऐकविले. पुढे या उपक्रमाला राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारही लाभला.

त्या दिवसांत मी रिकाम्या देवळात मोबाइलपुढे मिस्सा अर्पण करीत होतो. धर्मग्राम जोडलेले आहे, असे समाधान मनाशी बाळगून होतो. देवळे उघडल्यावर धुणीभांडी करणारी एक माउली म्हणाली, “फादर, आमच्याकडं तसला फोन नव्हता. ईस्टरला वाटलं, देऊळ बंदच हाय. धाकट्यानं मात्र जुन्या रेडिओवर गणित ऐकलं.”

तिच्या शब्दांत तक्रार नव्हती. म्हणूनच ते अधिक लागले. शंभरांतल्या एका हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त मी तीस वर्षे सांगत आलो. इथे मेंढरू हरवलेच नव्हते. मेंढपाळानेच वाट सोडली होती. तिची वस्ती देवळापासून दहा मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी मी पायीच निघालो.