मिसिसिपी, तुझ्या वेढ्यात आणखी कोण होतं?

प्रिय मिसिसिपी,

तू राज्य, पण नाव नदीचं. म्हणून तुला बाईमाणसासारखी एकेरी हाक मारते. मी वऱ्हाडातली, कपाशीच्या मुलखातली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमारानं अडवली, तुमचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत पोचेना, तेव्हा आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि 1865 मध्ये तुमचं युद्ध संपताच ओसरला. तुझ्या वेढ्याचा हिशेब असा आमच्याही वहीत आहे.

तुझ्या विक्सबर्ग शहराच्या वेढ्याबद्दल वाचताना मला आमच्या बखरींतलेच शब्द आठवतात: मोर्चे, सुरुंग, रसद. नदीच्या वळणावर, उंच कड्यावर वसलेलं शहर. उत्तरेच्या सेनापती ग्रँटनं कालवा खणून नदीच वळवायचा प्रयत्न केला, फसला. मग 16 एप्रिल 1863 च्या रात्री उत्तरेच्या आरमारातल्या पोर्टरची जहाजं तोफांच्या माऱ्यातून खाली निसटली. 30 एप्रिलला फौज ब्रुइन्सबर्गला तुझ्या काठावर उतरली आणि 1 ते 17 मे या सतरा दिवसांत पोर्ट गिब्सन, रेमंड, जॅक्सन, चॅम्पियन हिल, बिग ब्लॅक अशा पाच लढाया तुझ्या अंगावर झाल्या. मग सत्तेचाळीस दिवसांचा वेढा. उभी कापली तरी न ढासळणाऱ्या तुझ्या पिवळसर मातीत बायकामुलांनी गुहा खणून संसार मांडले. वाटाण्याच्या पिठाची भाकरी, खेचराचं मटण. कागद संपला तेव्हा भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर वर्तमानपत्र छापलं. 25 जूनला तटाखाली सुरुंग उडाला. 4 जुलैला दक्षिणेच्या सेनापती पेंबर्टननं शरणागती पत्करली.

त्या गुहांमधल्या आयांसाठी माझा जीव तुटतो, हे खरंच सांगते. पण तुझी कहाणी तिथेच थांबवली जाते, ते मला सोसत नाही. 1860 च्या शिरगणतीत तुझी माणसं 7,91,305. त्यांतली 4,36,631 गुलाम. निम्म्याहून जास्त! 1861 च्या जानेवारीत तू संघराज्यातून बाहेर पडलीस, तेव्हा कारणही लपवलं नाहीस. गुलामगिरी वाचवायची, असं स्वच्छ लिहून दिलंस. मग 4 जुलैला हरलं कोण? ज्या गुलामांकडून ते मोर्चे खणून घेतले, ती माणसंही तुझीच होती ना? वेढा चालू असतानाच, 7 जूनला, नदीपल्याड लुइझियानात मिलिकन्स बेंडला उत्तरेकडून लढणाऱ्या, कालपरवापर्यंत गुलाम असलेल्या, धड कवायतही न झालेल्या शिपायांनी हातघाईची झुंज दिली आणि ठाणं राखलं. त्यांच्या घरच्यांनी त्या उन्हाळ्यात काय खाल्लं, ते कुठल्या कागदाच्या पाठीवर छापलं गेलं?

त्यानंतर दहा वर्षांनी, 1873 मध्ये, पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. कापसाच्या भावापलीकडे तुझ्या रणांगणात काय घडलं, हे त्यांना इतक्या दुरून कळलं होतं.

1876 मध्ये नदीनंच पात्र बदललं आणि ज्या काठासाठी एवढं रक्त सांडलं तो कोरडा पडला. 1903 मध्ये कालव्यानं याझू नदीचं पाणी आणून शहराला पुन्हा काठ दिला. विक्सबर्गच्या लष्करी उद्यानात कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक उभं राहायला मात्र 2004 साल उजाडलं.

तिथल्याच राष्ट्रीय दफनभूमीत उत्तरेचे सतरा हजार शिपाई आहेत. जवळजवळ तेरा हजारांची नावं कुणाला माहीत नाहीत. छोट्या चौकोनी दगडावर नुसता आकडा. त्यांत तुझ्याच शेतांत कापूस वेचलेले हातही असतील. पाहुणा आला की त्याला गुहांच्या गोष्टी जरूर सांग. त्याआधी या दगडांपाशी ने.

तुझी,
वऱ्हाडातली एक कापूसवाली