कच्चं लिंबू हवं

मी बालसमुपदेशक. मे महिना लागला की मुलुंड-घाटकोपरकडचे आई-बाबा हमखास विचारतात, “एकुलता एक आहे, आम्ही दोघंही ऑफिसात. दिवसभर त्याला गुंतवायचं कशात?” टॅब, रोबोटिक्सचं शिबिर, पोहण्याचा क्लास ही यादी तयारच असते. त्यानं वेळ जातो, एकटेपणा राहतो. अशा मुलाला हवी असते इतरांच्या खेळात शिरायची वाट.

मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधक बाईंनी बालवाडीच्या वयाच्या मुलांचं निरीक्षण करून १९३२ मध्ये खेळाच्या पायऱ्या मांडल्या. एकट्यानं खेळणं, दुसऱ्यांचा खेळ बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं आणि मग एकत्र खेळणं. आठ-नऊ वर्षांचं बुजरं मूलही अनोळखी घोळक्यापुढे आलं की याच पायऱ्या पुन्हा चढताना मला दिसतं. खिडकीतून तासभर खाली बघणारी मुलगी कामात असते. कोण चिडकं, कोण रडीचा डाव खेळतं, कोण सांभाळून घेतं, याचा ती अंदाज घेते. “बघत काय बसलीस, जा की खेळायला!” म्हणून ढकललं, की ती आणखी आक्रसते.

आपल्या अंगणातल्या खेळांनी यावर तोड काढलेली होती : कच्चं लिंबू. लहानग्यानं पळायचं, लपायचं, आरडाओरडा करायचा. बाद झालं तरी त्याच्यावर राज्य नाही. मात्र कच्चं लिंबू सांभाळायला मोठी मुलं लागतात. शिबिरात एका वयाची मुलं एका गटात, आणि ओळख होईतो समारोप. बोरिवली-मुलुंडची जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली की तिथली लहानमोठ्यांची टोळी भाड्याच्या घरांत पांगते. नव्या टॉवरच्या पोडियमवर जागा असते, टोळी नसते.

ती जमवावी लागते. ऊन उतरल्यावर रोज एकाच वेळी, एकाच जागी मुलाला घेऊन खाली जा. तुम्ही बाकावर बसा, पंचगिरी नको. आठवी-नववीतल्या एखाद्या ताई-दादाला विश्वासात घेऊन सांगा, “याला कच्चं लिंबू घे.” लगोरीच्या सात ठिकऱ्या आणि चेंडू मुलाच्याच पिशवीत असू द्या, सामान ज्याच्याकडे, त्याला हाक येतेच. सुरुवातीला ते नुसतं बघेल. बघू द्या.

ज्याला गर्दीच सोसत नाही, त्याला एकच सोबती पुरतो. दोघांना सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात न्या, सोमवार सोडून. त्या दिवशी ते बंद असतं. समोरासमोर बसवल्यावर गप्प होणारी मुलं माकडं बघता बघता बोलू लागतात. पार्टेनबाईंची शेजारी बसून खेळण्याची पायरी ती हीच.

मग दुपारचं काय? ती थोडी कंटाळ्यात गेली तरी चालेल. संध्याकाळ ठरलेली असली, की दुपार मूल स्वतःच निभावतं. आणि एक दिवस ते हट्ट धरतं, “मला कच्चं लिंबू नको, माझ्यावर पण राज्य येऊ दे!” त्या दिवसापासून तुम्ही खाली उतरायची गरज नाही.