मेडनची पन्नाशी आणि आमचं १९९२

मंडळी, अभंगांइतकंच मला 'आयर्न मेडन'चं वेड आहे, असं सांगितलं की आपल्या गणेशोत्सवात आजही भुवया उंचावतात! १९७५ साली स्टीव्ह हॅरिसने लंडनमध्ये सुरू केलेल्या या हेवी मेटल बँडने पन्नाशीनिमित्त मे २०२५मध्ये बुडापेस्टहून नवी टूर काढली. गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे १९८० ते १९९२ची.

बातमी वाचून मी उडीच मारली. मुंबई सोडली ती १९९२मध्येच; बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी याच कॅसेट्स होत्या. यादी जणू माझ्यासाठीच केलेली!

मग मात्र मनात खुट्ट झालं. १९९२नंतर मेडनने आणखी आठ अल्बम काढले. २००८ची त्यांची जागतिक टूर तर १ फेब्रुवारीला आपल्या मुंबईतूनच सुरू झाली. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बँडचं विमान चालवत होता. माझा भाचा त्या गर्दीत होता, आणि मी इथे न्यू जर्सीत ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसत होतो.

मुंबई पुढे गेली, बँडही पुढे गेला. आपलं घड्याळ मात्र देश सोडला त्या सालातच अडकलेलं; मंडळाच्या कार्यक्रमातही फर्माईश जुन्याच गाण्यांची. मेडनने पन्नाशीत मागे वळून जरूर पाहावं. मधल्या काळात त्यांनी नवं करणं थांबवलं नव्हतं.

जुनी गाणी मी घसा बसेपर्यंत म्हणेनच. पण हल्ली गाडीत मुद्दाम २०२१चा 'सेंजुत्सू' लावतो, आणि भाच्याला फोनवर विचारतो, "काय रे, सध्या मुंबईत कोण चांगलं वाजवतंय?"