नाव गिळणारा वीर

घाटकोपरच्या एका चाळीतील मुलाच्या हाती उन्हाळ्याच्या सुटीत एक जपानी साहसकथा पडली. तीत सामुराई होते आणि निंजाही होते. पुस्तक संपले त्याच संध्याकाळी तो तोंडाला काळे फडके बांधून जिन्याखाली दबा धरून बसला. आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची दृष्टी प्रथम त्याच्यावरच गेली!

बिचाऱ्याचा दोष नव्हता. निंजाला तो काळा वेष मुख्यतः रंगभूमीने आणि चित्रांनी चढविला. इगा व कोगा या डोंगराळ मुलुखांतील खरे हेर भिक्षू, फेरीवाले किंवा खेळ करणारे बनून शत्रूच्या गावात राजरोस वावरत. जुन्या युद्धकथांतील सामुराई रणात उतरला की आपले नाव व कुळ गर्जून सांगे. हेराला मात्र स्वतःचे नाव गिळावे लागे. वाचताना मुलांचे मन तलवारीकडेच धावते, पण या दोहोंत अवघड काम कोणाचे?

आपल्याकडे शिवरायांचे बहिर्जी नाईक याच वाटेचे. जानेवारी १६६४ मध्ये मराठी फौज सुरतेवर चालून गेली आणि तेथील सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन दडला. त्या शहरात अगणित द्रव्य आहे, ही खबर बहिर्जींनीच आणल्याचे सभासद बखर सांगते. ते तेथे कोणत्या वेषात हिंडले, कोणाच्या ओसरीवर निजले, रात्री पावले वाजताच त्यांची छाती धडधडली का, हे मात्र कोठे लिहिलेले नाही. अशा गोष्टी हेर कोणाजवळ बोलत नाही.

सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवितात. त्यांच्या हयातीतील चित्र आढळत नाही.